सोलापूर–तुळजापूर: दोन लाख ठिणग्या

सोलापूरहून तुळजापूरला निघालेली जुनी मारुती ओम्नी त्या सुमारे ४५ किलोमीटरच्या वाटेत किती ठिणग्या पाडते, याचा हिशेब एकदा मांडून पाहा. टॉप गिअरला ताशी ६० चा वेग असताना तिचं इंजिन मिनिटाला साधारण ३,००० फेरे घेतं. सिलिंडर ३, आणि दर दोन फेऱ्यांमागे प्रत्येक सिलिंडरमध्ये एक ठिणगी. म्हणजे मिनिटाला ४,५००, सेकंदाला ७५. तामलवाडीचा टोलनाका येईपर्यंत आकडा लाखाच्या आसपास पोहोचतो आणि तुळजापूरला गाडी उभी राहीपर्यंत दोन लाख ओलांडतो. त्यातली एकेक ठिणगी पिस्टन वर पोहोचण्याच्या किंचित आधी, नेमक्या क्षणी पडावी लागते. ३,००० फेऱ्यांच्या गतीला क्रँकचा एक अंश फिरायला सेकंदाचा फक्त १८,०००वा भाग लागतो. टायमिंग पाच-दहा अंशांनी सरकलं, की चढावर गाडीचा दम निघालाच म्हणून समजा.

आणि हे सगळं कुठल्या कारखान्यात घडत नाही. ड्रायव्हर आणि त्याच्या शेजारचा माणूस ज्या सीटवर बसतात, त्या सीटच्या खाली घडतं. सीट उचलली की इंजिन समोर. जुन्या व्हॅनची देखभाल घरच्या घरी करता येते ती मुळात यामुळे. तिच्यात लपवालपव नाही. बिघाड झाला तर तो कुठे झाला, हे ती आवाजाने, वासाने, रंगाने आणि धुराने सांगते. ती सांगते ते वाचायचं कसं, एवढंच शिकायचं असतं.

सोलापूर जिल्हा सोडून धाराशिव जिल्ह्यात शिरलं की राष्ट्रीय महामार्ग ५२ वर तुळजापूर तालुक्यातलं तामलवाडी लागतं. एम.एच. १३ आणि एम.एच. २५ या दोन्ही पाट्यांच्या गाड्या इथून रात्रंदिवस जातात. कोजागरीच्या सुमाराला तर सोलापूरहून तुळजाभवानीला पायी निघालेल्या भाविकांसाठी हा रस्ता वाहनांना बंद ठेवावा लागतो, एवढी गर्दी लोटते. एरवी मात्र हा रस्ता गाड्यांची परीक्षा घेतो. उन्हाळ्यात पारा चाळिशीच्या पार जातो, ज्वारीच्या काढणीनंतर काळ्या रानातली धूळ हवेत राहते, बोअरचं पाणी क्षारांचं असतं आणि शेवटी बालाघाटच्या डोंगरावर वसलेल्या तुळजापूरचा घाट चढायचा असतो. उष्णता, धूळ, पाणी आणि चढ. व्हॅनच्या बहुतेक दुखण्यांचं मूळ या चौघांपैकी कुणात तरी सापडतं.

मारुतीने ही गाडी १९८४ मध्ये आणली तेव्हा तिचं नाव नुसतं मारुती व्हॅन होतं. ओम्नी हे नाव १९८८ मध्ये आलं. इंजिन ७९६ सीसीचं, मारुती ८०० मधलंच. फक्त तिथे ते आडवं बसवलेलं, इथे उभं, आणि ताकद शाफ्टमधून मागच्या चाकांना. मागे पाटे. सुरक्षिततेचे नियम कडक झाल्यावर २०१९ मध्ये तिचं उत्पादन थांबलं. तोपर्यंत या गाडीने शाळेची मुलं नेली, रुग्णवाहिका म्हणून धावली, भाजी वाहिली, लग्नाची वरात आणली. आज जुन्या कार्ब्युरेटरच्या व्हॅन कमी उरल्यात, पण ज्या आहेत त्यांच्यात आपल्याला लागणारी सगळी विद्या उघडी पडलेली आहे. पुढच्या इंजेक्शनच्या गाड्यांत ठिणगी आणि पेट्रोल यांचा हिशेब कॉम्प्युटर ठेवतो. तरी हवा, पाणी आणि बॅटरी यांचे नियम तिथेही हेच.

गाडी बंद पडली की कुठलाही जाणता मिस्त्री आधी दोनच प्रश्न विचारतो: करंट येतोय का? पेट्रोल येतंय का? या दोन प्रश्नांत शतकभराचं शहाणपण आहे. त्यांच्यामागे आणखी दोन प्रश्न उभे असतात, हवा बरोबर मिळतेय का आणि सगळं वेळेवर होतंय का. या चारांपैकी एकही गोष्ट चुकली तर इंजिन चालत नाही. चारही जमल्या तर बहुतेक वेळा ते चालतंच.

करंटपासून सुरुवात करू. बॅटरी देते १२ व्होल्ट. एवढ्या दाबाने हवेतून ठिणगी उडवणं शक्य नाही, कारण प्लगच्या दोन टोकांमधल्या जेमतेम पाऊण मिलिमीटरच्या फटीत दाबलेलं हवा-पेट्रोलचं मिश्रण भेदायला हजारो व्होल्ट लागतात. मग ते येतात कुठून? डिस्ट्रिब्युटरमधल्या दोन इवल्याशा धातूच्या टिकल्यांमुळे. त्यांनाच आपण पॉइंट म्हणतो. पॉइंट मिटलेले असतात तेव्हा बॅटरीचा करंट कॉइलच्या जाड तारेच्या वेढ्यांतून वाहतो आणि आत चुंबकीय क्षेत्र तयार होतं. पॉइंट उघडले, की करंट तुटतो आणि ते क्षेत्र एका झटक्यात कोसळतं. त्याच गाभ्यावर बारीक तारेचे हजारो वेढे असतात. कोसळणारं क्षेत्र त्यांना कापून जातं आणि त्यांच्यात वीस हजार व्होल्टच्या घरातला दाब उभा राहतो. मायकेल फॅरडेने १८३१ मध्ये प्रयोगशाळेत दाखवलेलं विद्युतचुंबकीय प्रवर्तन ते हेच. लंडनच्या टेबलावर जे मोठ्या कौतुकाने पाहिलं गेलं, ते तामलवाडीच्या रस्त्यावर सेकंदाला ७५ वेळा बिनबोभाट होत असतं.

पॉइंट उघडताना त्यांच्यातही छोटी ठिणगी उडू पाहते. ती उडाली तर टिकल्या जळतात आणि चुंबकीय क्षेत्र हळूहळू विझतं, म्हणजे प्लगला जोर मिळत नाही. ती ठिणगी गिळायला बाजूला करंगळीएवढा कंडेन्सर बसवलेला असतो. म्हणून पॉइंट पुन्हा पुन्हा जळत असतील तर नुसते पॉइंट बदलून भागत नाही, कंडेन्सरकडे बघावं लागतं. डिस्ट्रिब्युटरची कॅप काढून पॉइंट जवळून पाहा. चांगल्या पॉइंटचा पृष्ठभाग सपाट आणि करडा असतो. बिघडलेल्या पॉइंटच्या एका टिकलीवर बारीक टेंगूळ येतं आणि समोरच्या टिकलीवर तेवढाच खड्डा पडतो, कारण धातू एकीकडून निघून दुसरीकडे जाऊन बसतो. बारीक पॉलिश पेपरने ते साफ करायचं आणि पूर्ण उघडल्यावरची फट फिलर गेजने ०.४ ते ०.५ मिलिमीटर ठेवायची. एवढ्याशा फटीवर घाटातला पिकअप ठरतो.

आता प्लग काढा. इंजिन गार असताना पान्याने काढलेला प्लग म्हणजे त्या सिलिंडरचा जबाब असतो. टोक फिकट तपकिरी असेल तर सगळं ठीक. कोरडी काळी काजळी असेल तर पेट्रोल जास्त आणि हवा कमी. एअर फिल्टर तुंबलाय किंवा चोक पुरता उघडत नाही. काळं आणि तेलकट असेल तर इंजिन ऑइल वर येतंय, म्हणजे पिस्टनच्या रिंगा किंवा व्हॉल्व्हचे सील झिजलेत. पांढरट भाजल्यासारखं असेल तर पेट्रोल कमी पडतंय किंवा इंजिन फार तापतंय. तीन प्लग काढून ओळीने मांडा. तिन्ही सारखे असतील तर कारण सगळ्यांना सामाईक आहे, म्हणजे कार्ब्युरेटर, फिल्टर किंवा टायमिंग. एकच वेगळा असेल तर कारण त्या एका सिलिंडरपुरतं आहे. एवढ्या एका निरीक्षणाने शोध निम्म्यावर येतो.

हवेचा हिशेब तर थक्क करणारा आहे. पेट्रोल नीट जळायला वजनाने त्याच्या सुमारे १४.७ पट हवा लागते. एक लिटर पेट्रोलचं वजन पाऊण किलोच्या आसपास. त्याला हवा लागते जवळजवळ ११ किलो. आकारमानात सांगायचं तर ९ ते १० हजार लिटर. तुळजापूरला जाऊन यायला पाच-सहा लिटर पेट्रोल खर्च झालं, तर गाडीने वाटेत पन्नास हजार लिटर हवा ओढून घेतली, आणि ती सगळी एका कागदी फिल्टरमधून गाळून. काळ्या मातीची धूळ त्या घड्यांत बसली की हवेची वाट अरुंद होते, मिश्रणात पेट्रोल जास्त होतं, ॲव्हरेज पडतं, धूर काळा येतो. फिल्टर काढायचा, हलक्या हाताने झटकायचा, हवा मारायची झाली तर आतल्या बाजूने बाहेर. फाटका फिल्टर मात्र एक दिवसही ठेवू नये. त्यातून आत गेलेली धूळ सिलिंडर घासत राहते.

हीच धावती हवा पेट्रोलही ओढून घेते. कार्ब्युरेटरचा गळा मध्ये चिंचोळा केलेला असतो. चिंचोळ्या जागेत हवेचा वेग वाढतो आणि वेग वाढला की दाब घटतो. बाजूच्या कुंडीतलं पेट्रोल बाहेरच्या दाबाने जेटच्या छिद्रातून वर चढतं आणि तुषार होऊन हवेत मिसळतं. या कामाला विजेची तार लागत नाही, मोटर लागत नाही, हवेचा वेगच ते करतो. पण जेटचं छिद्र सुईच्या टोकाएवढं. टाकीतला गंजाचा एक कण तिथे अडकला की गाडी पळताना बरी चालते आणि आयडलला बंद पडते. कारण आयडलचं जेट सगळ्यात बारीक. जेट काढून हवेच्या झोताने साफ करावं. तार घालून कोरू नये. छिद्र केसभर मोठं झालं तरी मिश्रणाचं माप कायमचं बिघडतं.

पेट्रोलबद्दल आणखी एक गोष्ट इथल्या लोकांनी लक्षात ठेवायला हवी. याच पट्ट्यातल्या साखर कारखान्यांच्या डिस्टिलऱ्यांत बनणारं इथेनॉल आता पेट्रोलमध्ये मिसळलेलं असतं. जुन्या गाड्यांचे रबरी पाइप त्या काळच्या पेट्रोलसाठी बनवलेले. ते बोटांनी दाबून पाहावेत. कडक झालेले, फुगलेले किंवा भेगाळलेले असतील तर लगेच बदलावेत. तापलेल्या इंजिनाशेजारी पेट्रोलचा थेंब म्हणजे आगीला निमंत्रण.

आता उष्णता. जाळलेल्या पेट्रोलमधली जेमतेम चौथाई ऊर्जा चाकांपर्यंत पोहोचते. उरलेली धुराड्यातून आणि पाण्यातून उष्णता होऊन निघून जाते. म्हणजे गाडी पुढे नेणं हे इंजिनाचं छोटं काम आणि उष्णता बाहेर टाकणं हे मोठं काम. समुद्रसपाटीला पाणी १०० अंशांना उकळतं, सोलापूर-धाराशिवच्या उंचीवर त्याहून थोडं आधी. पण रेडिएटरचं झाकण साधं झाकण नसतं. त्यातली स्प्रिंग आतला दाब जवळजवळ दुप्पट होऊ देते आणि त्या दाबाखाली पाणी १२० अंशांपर्यंत उकळत नाही. म्हणूनच गरम गाडीचं झाकण उघडणं जिवावर बेतू शकतं: झाकण फिरवताच दाब जातो आणि ११० अंशांचं पाणी त्याच क्षणी उकळून वाफेसकट अंगावर येतं. आणि म्हणूनच झाकणाचं जुनं झालेलं रबर हे गाडी गरम होण्याचं सगळ्यात स्वस्त कारण असतं. ते आधी बदलून पाहावं.

सगळ्यात सुंदर वस्तू मात्र थर्मोस्टॅट. इंजिन गार असताना पाणी रेडिएटरकडे जाऊ द्यायचं नाही आणि तापल्यावर जाऊ द्यायचं, हा निर्णय ही मुठीत मावणारी पितळी चीज घेते. तिच्या पोटात मेण भरलेलं असतं. ८२ अंशांच्या आसपास ते वितळतं, वितळताना फुगतं आणि एका दांड्याला ढकलतं; झडप उघडते. गार झालं की मेण आकसतं आणि स्प्रिंग झडप मिटते. याची परीक्षा घरच्या चुलीवर घेता येते. थर्मोस्टॅट दोऱ्याला बांधून पातेल्यातल्या पाण्यात लोंबकळता सोडा, बुडाला टेकू देऊ नका, आणि पाणी तापवा. बराच वेळ काही होत नाही. मग पाण्यात बारीक बुडबुडे धरू लागले की झडपेच्या कडेला केसभर काळी रेघ दिसते, ती रुंद होत जाते आणि पाणी उकळेपर्यंत झडप चांगली उघडते. बाहेर काढून ठेवलं की ती डोळ्यांदेखत मिटते. उकळत्या पाण्यातही ती मिटलेलीच राहिली, तर गाडी घाटात का गरम होते याचं उत्तर मिळालं. उन्हाळ्यात थर्मोस्टॅट काढूनच टाकण्याची पद्धत आहे, पण ती बरी नव्हे. मग इंजिन योग्य तापमानाला यायला वेळ लागतो, पेट्रोल जास्त जातं आणि झीज वाढते. रेडिएटरमध्ये बोअरचं पाणी तर कधीच घालू नये. भांड्याच्या तळाशी बसतो तोच क्षार त्या बारीक नळ्यांत बसतो.

एवढं कळलं की आता गाडी बंद पडली असं समजू. मे महिन्याची दुपार, तामलवाडीच्या पुढे, भर उन्हात. चावी फिरवली आणि नुसतं टक्-टक् झालं. हेडलाइट लावून पुन्हा चावी फिरवा. दिवे मंदावले तर बॅटरी उतरलीय किंवा टर्मिनलवर पांढरी बुरशी धरलीय. दिवे तसेच लख्ख राहिले तर करंट सेल्फपर्यंत पोहोचतच नाही. सेल्फची तार आणि स्विच बघा.

सेल्फ जोरात फिरतो पण गाडी घेत नाही? एक प्लग काढून, वायरला लावून, त्याचं अंग इंजिनाच्या धातूला टेकवा. प्लग रबरी मुठीच्या पकडीने धरा आणि आजूबाजूला पेट्रोलचा वास नाही याची खात्री करा. सेल्फ मारल्यावर निळी, कडक आवाजाची ठिणगी पडली तर करंट ठीक. पिवळी, मलूल पडली तर पॉइंट, कंडेन्सर, कॉइल. पडलीच नाही तर डिस्ट्रिब्युटरची कॅप काढून पाहा, सेल्फ मारताना आतला रोटर फिरतोय का. फिरत नसेल आणि सेल्फचा आवाज नेहमीपेक्षा हलका येत असेल, तर टायमिंग बेल्ट गेला. अशा वेळी गाडी ओढून न्यावी, पुन्हा पुन्हा सेल्फ मारू नये.

ठिणगी निळी आहे, टाकीत पेट्रोल आहे, तरी गाडी मरून पडलीय? मग दुपारची वेळ आठवा. पेट्रोल हे अनेक द्रवांचं मिश्रण असतं आणि त्यातले सगळ्यात हलके अंश ३५ ते ४० अंशांनाच उकळू लागतात. इंजिनावरचा पंप टाकीतून पेट्रोल ओढतो, त्यामुळे त्या नळीत दाब कमी असतो आणि कमी दाबाला उकळणं आणखी सोपं. नळीत वाफेचा फुगा धरतो. पंप फुगा दाबत राहतो आणि पेट्रोल पुढे सरकत नाही. उपाय सोपा आहे. सीट उचलून इंजिनाला वारं लागू द्या, पंपावर आणि पेट्रोलच्या नळीवर ओलं फडकं ठेवा आणि वीसेक मिनिटं सावलीत बसा. ओल्या फडक्यातलं पाणी उडून जाताना नळीची उष्णता घेऊन जातं, वाफेचं पुन्हा पेट्रोल होतं आणि गाडी पहिल्या सेल्फला चालू होते. जिला कुणी पाना लावला नाही ती गाडी कशी दुरुस्त झाली, याचं उत्तर पदार्थाच्या अवस्थांमध्ये असतं.

धुराचेही तीन रंग ओळखून ठेवावेत. काळा धूर म्हणजे पेट्रोल जास्त. निळसर धूर म्हणजे ऑइल जळतंय. गाडी तापल्यावरही पांढरा धूर थांबत नसेल आणि डिपस्टिकवरचं ऑइल दुधाळ दिसत असेल, तर हेड गॅस्केट उडालीय आणि पाणी ऑइलमध्ये शिरलंय. तशी गाडी एक किलोमीटरही चालवू नये.

काही कामं मात्र जाणकाराच्या हातूनच व्हावीत. ब्रेक, स्टिअरिंगचे सांधे, गॅसचं किट: यांत झालेली चूक गाडी बंद पाडून थांबत नाही, माणसांवर जाते. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषून घेतं आणि लांब उतारावर तेच पाणी उकळून ब्रेक लागेनासा होतो, म्हणून ते दर दोन वर्षांनी बदलून घ्यावं. नुसत्या जॅकवर उभ्या गाडीखाली कधी शिरू नये. चाकांना दगड, खाली भक्कम स्टँड. या व्हॅनमध्ये ड्रायव्हरच्या पायांपुढे पातळ पत्रा तेवढा आहे, हे ध्यानात ठेवूनच वेग धरावा. पंधरा वर्षांनंतर आर.टी.ओ.त नोंदणीचं नूतनीकरण करताना गाडीची तपासणी होते, ती टाळण्याची गोष्ट नाही. आपण रोज पाहतो त्या गाडीतलं एखादं दुखणं तिथे परक्या नजरेला दिसतं.

घरी एक वही ठेवावी. तारीख, किलोमीटर, काय बदललं, पेट्रोल किती टाकलं, पाणी किती घालावं लागलं. वर्षभराने ती वही वाचली की गाडीच्या तब्येतीचा कल दिसू लागतो: पाणी घालण्याच्या खेपा वाढल्या, म्हणजे गॅस्केट किंवा होज बोलतंय, ॲव्हरेज हळूहळू उतरलं, म्हणजे फिल्टर तुंबलाय किंवा ब्रेकचे लायनर धरतायत. अचानक बिघडली असं आपण म्हणतो त्या बहुतेक गाड्यांनी आधी बरेच दिवस सांगून ठेवलेलं असतं.

या जुन्या व्हॅन अजून काही वर्षं या रस्त्यावर दिसतील, मग दिसणार नाहीत. त्यांच्याबरोबर ही विद्या जाऊ नये असं मला मनापासून वाटतं, कारण ती फक्त गाडीची नाही. प्रवर्तन, हवेचा दाब, उत्कलनबिंदू, बाष्पीभवन: तामलवाडीच्या शाळेत फळ्यावर शिकवलं जातं ते सगळं या एका सीटखाली हाताने चाचपता येतं. म्हणून पुढच्या वेळी सीट उचलाल तेव्हा घरातल्या मुलींना आणि मुलांना हाक मारा. प्लग त्यांच्या हातात द्या आणि रंगावरून कारण त्यांनाच ओळखू द्या. थर्मोस्टॅटचं पातेलं त्यांनाच चुलीवर ठेवू द्या, शेजारी तुम्ही उभे राहा. एखादं यंत्र का चालतं हे ज्याला एकदा स्वतःच्या डोळ्यांनी कळलं, तो पुढे कुठल्याही बंद पडलेल्या गोष्टीसमोर हताश उभा राहत नाही. करंट येतोय का, पेट्रोल येतंय का, असं विचारत तो कामाला लागतो.